गावदेवीला बोललेला कोंबडा

कापडे, ता. पोलादपूर

ती. नातलीन आत्येस,

ख्रिस्ताला स्तुती आणि तुझ्या गुडघ्यांना आराम असो. वसईत सगळे खुशाल असतील, आणि जे नसतील त्यांच्याकडून तू तसं वदवून घेतलं असशीलच. माझी तब्येत उत्तम. तांदळाच्या भाकऱ्यांनी वजन वाढलंय.

गेल्या पत्रात तुला एकटीला कळवलं होतं की सेमिनरी सोडायचं माझं ठरलं. (बाबांना सांगितलं नसशील अशी आशा आहे. सांगितलं असशील तर हे पत्र आधी त्यांच्यापासून लांब जाऊन वाच.) फादर होण्याआधी वर्षभर लोकांत राहून बघ, म्हणून मला इथल्या मिशनच्या वसतिगृहावर धाडलं, आणि इथे कोणाचं माझ्यावाचून काही अडत नाही. दुखलं-खुपलं तर महाडला डॉक्टर आहेत, शंका आली तर मोबाइल आहे. मला हाक मारतात ती त्या मोबाइलचं लॉक उघडायला. एवढं तत्त्वज्ञान शिकून मी पासवर्ड आठवायला मदत करतो!

त्यात घोळ घातला सुहास गुरुजींनी. हे शाळेतले शिक्षक, बौद्ध, सज्जन माणूस, पण चौकस. त्यांचा धाकटा भाऊ श्रामणेर शिबिराला गेला होता; मुंडन करून, चीवर नेसून दहा दिवस राहिला आणि परत येऊन कामाला लागला. गुरुजींनी मला विचारलं, तुमचं शिबिर किती दिवसांचं? मी म्हटलं, दहा वर्षांचं, त्यातली सात झाली. नेमक्या तेव्हाच वरच्या वाडीतल्या सोनाबाई दुधाची किटली घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी दहा दिवस आणि सात वर्षं यांचा मेळ घातला आणि डोळ्यांना पदर लावला. "म्हंजे दरसाल नापास होतंय रे पोर!"

झालं. वाडीभर बातमी. गुरुजी संध्याकाळी मला गणित शिकवायला येऊ लागले (आमच्या अभ्यासात गणित नाही, पण त्यांचा उत्साह मोडवेना). सोनाबाई दूध मापापेक्षा जास्त घालू लागल्या, वर धीर द्यायच्या की आमचा नाथू पण दहावीला चारदा बसला. शेवटी वैतागून मी आधी गुरुजींना आणि मग सोनाबाईंना सांगितलं, अहो, नापास नाही, मीच सोडतोय. तर सोनाबाई म्हणाल्या, "नापास झालेली समदी असंच म्हनत्यात." आणि जाऊन गावदेवीला कोंबडा बोलून आल्या: पोर पास होऊन फादर झालं की देईन. गुरुजींनी त्यांना नवस ही अंधश्रद्धा कशी ते तासभर समजावलं, आणि उठताना कोंबडा केवढा आहे ते विचारलं.

मग परवा दुपारी सोनाबाई दूध घातल्यावर गेल्याच नाहीत. पायरीवर बसल्या. मी लगेच दुःखाविषयीचं माझं पाठ केलेलं प्रवचन सुरू केलं, तर म्हणाल्या, "गप रे जरा." मीही पायरीवर टेकलो. त्या बोलल्या, रडल्या, मग किटली विसळून गेल्या. काय बोलल्या ते तुलाही सांगणार नाही. (आत्या, तू कितीही विचारलंस तरी. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे आणि माझाही.) नवऱ्याला, गुरुजींना, कोणालाच त्यांनी ते सांगितलेलं नाही. जाताना म्हणाल्या, "फादर लोकांना सांगितलं की भायेर जात नाय म्हनत्यात. पन तू अर्ध्यावर सोडलास, तर माजं काय?"

अजून मी फादर नाही हे मला सांगवलं नाही. फार भीती वाटली, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

सर्वांना नमस्कार, लहानांना पापे.

तुझा,
ऑल्विन

ता. क. माझ्या झग्यासाठी आणलेलं पांढरं कापड दुकानात परत केलं असशील तर पुन्हा आण. कंबरेला सैल शिव.

ता. क. आणि ते आधीचं पत्र चुलीत घाल.

ता. क. कोंबडा देवीच्या नावाचा, पण नवस माझ्या पास होण्याचा, म्हणून सोनाबाईंनी तो माझ्याच खिडकीखाली आणून बांधलाय. 'सोडतोय' हे मी गुरुजींना म्हटलं, सोनाबाईंना म्हटलं आणि तुला लिहिलं. संत पेत्रानेही कोंबडा आरवण्याआधी ख्रिस्ताला तीनदाच नाकारलं होतं; माझा कोंबडा तर रोज पहाटे आरवतो. अजून तीन वर्षं आहेत. मी पास झालो की बिचारा जाणार. माझ्यासाठी मेणबत्ती लावशील तेव्हा एक त्याच्यासाठीही लाव.