तीनशे वर्षांपूर्वीची होडी

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे ठणठणीत आहेत. माझं नाव तेवढं धोक्यात आहे, पण तेही थोडंसंच.

झालं असं, की जुन्या बाजारातून आणलेल्या टेबलाच्या खणात एक पितळी टोकन सापडलं. पूर्वी दुकानदार गिऱ्हाइकांना द्यायचे, तसलं. एका बाजूला शिडाची होडी, दुसऱ्या बाजूला अगम्य लिपीतली एक ओळ. हे समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांचं, किमान तीनशे वर्षांपूर्वीचं, हे मी पाहताक्षणी ओळखलं. (पाहताक्षणी ओळखणं हा माझा जुना गुण. धाकट्या जावयालाही मी असाच ओळखला होता, पण तो विषय वेगळा.) सोनाराने कसोटीवर घासून 'पितळ आहे' एवढंच सांगितलं. ते मलाही दिसत होतं. संग्रहालयातल्या बाई अर्धा तास भिंगातून पाहून म्हणाल्या, की अशी लिपी त्यांनी कुठेच पाहिलेली नाही. आणखी काय पुरावा हवा? मी तडक नाणेसंग्राहक मंडळात येत्या रविवारी सकाळी दहाचं व्याख्यान ठरवलं आणि पत्रिका छापून वाटल्या.

व्याख्यानाला जरा बरं दिसावं म्हणून परवा न्हाव्याकडे गेलो. गालांना साबण लावून झाल्यावर त्याला टोकन दाखवायला हात वर केला, आणि समोरच्या आरशात ती अगम्य लिपी मला घडाघडा वाचता आली. 'एक दाढी.' होडी म्हणजे अर्धवट उघडलेला वस्तरा होता.

न्हाव्याला काहीच नवल वाटलं नाही. टोकन त्याच्याच वडिलांच्या दुकानाचं, पन्नास वर्षांपूर्वीचं. ती पाडणाऱ्या कारखान्यातल्या नव्या शिकाऊ उमेदवाराने ठशावर अक्षरं उलटी कोरायची ती सुलटी कोरली, त्यामुळे तीनशेच्या तीनशे टोकनं उलटी निघाली, आणि मालकाने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. (तो डावखुरा होता आणि काम करताना शीळ घालायचा, एवढं न्हाव्याने वडिलांकडून ऐकलं होतं.) वडिलांनी मात्र ती टोकनं हौसेने वीस वर्षं वापरली. यांची नक्कल करायला असा दुसरा कारागीर सापडणारच नाही, अशी त्यांची खात्री होती.

व्याख्यान रद्द होणार नाही. मी फक्त अडीचशे वर्षं कमी केली आहेत.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. कारखाना का सोडला असं विचारलं की तुम्ही 'मालकाशी पटलं नाही' म्हणता. मी काही विचारत नाही. पण मामा, डाव्या हाताने लिहिणारा आणि दिवसभर शीळ घालणारा माणूस आमच्या ओळखीत एकच आहे. टोकनं वीस वर्षं चालली हे तुम्हाला कोणी सांगितलंच नसणार. त्याचं मला फार वाईट वाटलं.

आणखी एक ता. क. न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत, टोकन घेतलं. आता परत देत नाही. आत आलेलं टोकन बाहेर जात नाही, हा म्हणे वडिलांचा नियम. म्हणजे रविवारी दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. तुमच्या हत्यारांच्या डब्यात तळाशी चिंधीत बांधलेलं काहीतरी पितळी आहे आणि तुम्ही त्याला कोणाला हात लावू देत नाही, असं मामी एकदा बोलून गेल्या होत्या. ते घेऊन या. नाही म्हणू नका, कारण वाटलेल्या ऐंशी पत्रिका मी घरोघर जाऊन परत आणल्या आहेत आणि प्रत्येकीवर 'अध्यक्ष'च्या पुढे पेनाने लिहिलं आहे, 'ठसा कोरणारे स्वतः'.