मंगोलियाच्या पैलवानाचा टेकलेला हात

मंगळवार, दारव्हा

तो हात काही डोक्यातून जात नाही. यंदा कापूस बुडाला, म्हणून जत्रेतली कुस्त्यांची दंगल झालीच नाही. त्यामुळे तालमीचे वस्ताद असलेले आमचे बाबा दिवसभर टीव्हीसमोर. आज जपानची सुमो कुस्ती लागली होती. मंगोलियाचा एक धिप्पाड पैलवान घसरला, एक हात मातीला टेकला आणि कुस्ती संपली.

बाबा ओरडलेच, "अबे, पाठ कुठी लागली त्याची? हात टेकला म्हंजे हारला काय?"

मी म्हटलं, तिथला नियमच तसा आहे. त्यांच्या मंगोलियात मात्र हात टेकलेला चालतो म्हणे.

"मंग यानं मानलं काहून?"

त्याच्या घरच्या नियमानं तो हरलाच नव्हता. तरी भांडला नाही, वाकला आणि निघून गेला. मग खरं काय धरायचं?

गुडघे गेल्यापासून बाबा जेवून उठताना जमिनीला हात टेकतात. आज तो हात खाली नेला आणि अधांतरीच ठेवला. गंमत करत होते की काय, कळेना. मी धरायला धावले.

"थांब पोरी," बाबा म्हणाले, "अजून टेकला नाही."