भरल्याशिवाय न निघणारी गाडी

४ जाने. १९८३
धानाच्या ट्रकखाली नाल्यावरची रपट, तो बुटका फरशीपूल, खचली. एस्टी पलीकडूनच परतते. गावात मुक्कामाला येणे दुरुस्तीपर्यंत बंद, म्हणजे सकाळची गाडीही बंद. गुलाबचा मेटाडोर तेवढा वाळूतून निघतो. गुलाब माझा चौथीतला जुना विद्यार्थी. पाढे कधी आले नाहीत, भाडे मात्र बरोबर येते. ओसरीत बसून मलाच शिकवत होता.
"बाई, सरकारनं एस्टी मोडून सारा कारभार गाडीमालकाईले देऊन टाकावा. ते एक खेप मारते, मी चार मारतो."
"आणि उतारू नसले तर?"
"नसन तं नाई मारत."
प्रामाणिक आहे मेला.

७ जाने.
शेजारची सगुणा ढिवरीण गुलाबच्या बाजूची. लाखांदूरला मासे विकते. "एस्टीत टोपली चढू देत नाई, बाई. वास येते म्हणते. गुलाबभाऊ टपावर ठेवते. माह्या डोक्सावरचा भार गेला." यावर मी हार मानली. मी! तारीख घालून ठेवते.
पण तिचीच विमल दहावीला. शाळा लाखांदूरला. एस्टी होती तेव्हा वेळेवर पोचायची. मेटाडोर भरेपर्यंत पोर ताटकळते, पहिला तास बुडतो. बाप म्हणतो, असंच चालन तं घरी बस, खळ्यावर धान चुरायले माणूस पायजेच.

१० जाने.
तळ्याच्या पाळीवर पाय घसरला. डावे मनगट मोडले. देवाची दया, लिहिता येते नि बोलताही येते.
सगुणाने पदर फाडून हात बांधला. गुलाब सडकेवर "लाखांदूर, लाखांदूर" ओरडत उभा, आत तीनच उतारू. मला पाहिले नि त्या तिघांना उतरवून थेट भंडाऱ्याच्या दवाखान्यात. वाटेत हात दाखवणाऱ्या एकासाठीही थांबला नाही. भाडे घेईना. "तुमच्यापासून घेतलं तं माय मारन मले."
भरल्याशिवाय न निघणारी गाडी माझ्यासाठी रिकामी निघाली. या पोराचे उपकार विसरणार नाही.
पण ते तिघे?

१३ जाने.
प्लास्टर. सगुणा वेणी घालते, भात टाकते, वर मलाच रागावते. असे शेजारी पूर्वजन्मीच्या पुण्याने मिळतात. या जन्मीचे माझे तेवढे नाही.
विचारले, "तू पडली असतीस तर गुलाब असा निघाला असता?"
विचार करून म्हणाली, "निंगाला असता... गाडी भरल्यावर." आणि खो खो हसली.
मी काही हसले नाही. कॉन्व्हेंटात होते तेव्हा सुटीत नागपूरहून खाजगी सर्व्हिस मोटरने घरी येई. मालकाचे पाहुणे चढले की आम्हा मुलींना ट्रंकांसकट खाली. मदरला सांगितले. म्हणाल्या, प्रार्थना कर. मी मोटरवाल्याला शिव्या दिल्या होत्या. शुद्ध इंग्रजीत, त्यामुळे वाया गेल्या.
एस्टीचे आभार मानायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आज वाटते, हीच तिची थोरवी.

१९ जाने.
शेजारगावी शंकरपट. बैलांच्या शर्यती, सारा मुलूख तिकडे लोटलेला. मेटाडोरच्या काचेवर खडूने 'रिझर्व'. विमलची आज गणिताची पूर्वपरीक्षा. सडकेवर उभी होती, मग धावत निघाली. पोचली तेव्हा पेपर संपत आलेला.
गुलाबला बोलावून झाडले. खाली मान घालून ऐकले. "मले बैनीवानी हाय ते, बाई. पन पट सालातून एकडाव येते. गाडीचा हप्ता कोन भरन?"
संध्याकाळी बापाने पुस्तके माळ्यावर टाकली. सगुणा चूल फुंकत राहिली.

२ फेब्रु.
रपट दुरुस्त झाली. एस्टी डेपोचे साहेब ग्रामपंचायतीत आले. मेटाडोर आहे तर मुक्कामाची गाडी पुन्हा सुरू करायची की नाही, गावाला विचारायला. विमलचा बाप कोपऱ्यात. सकाळीच बोलला होता, एस्टी आली तं पोर शिकन, नाई तं नाई.
मी प्लास्टरसकट उभी राहून एस्टीच्या बाजूने जे सांगायचे ते सांगितले. साहेब दोनदा म्हणाले, "बाई, बसा." बसले नाही.
हात वर करायला सांगितले. आधी एस्टी हवी असणाऱ्यांनी. सगुणाने दोन्ही हात वर केले.
साहेब म्हणाले, "मावशी, एकच हात."
"दोन काहून नाई? हा पोरीचा, हा टोपलीचा. तुमची गाडी पोरीले नेते, टोपलीले नेत नाई. गुलाबभाऊची टोपलीले नेते, पोरीले नेत नाई. मले दोन्ही पायजेत."
"तसं चालत नाही. एक खाली घ्या."
"कोनता?"
सगळे हसले. गुलाबही. सगुणा हसली नाही आणि हातही खाली घेतले नाहीत. साहेब मोजत मोजत पुढे सरकले. किती हात भरले ते बोलले नाहीत. भंडाऱ्याहून कळवतो म्हणाले.
परतताना माझा धड हात धरून सगुणा म्हणाली, "बाई, तुमी सामोर होत्या. मायी मोजनी केली का त्यानं?"
केली. एकच हात मोजला. कोणता, ते मला दिसले नाही.