बिनदुधाची खताई

३ डिसेंबर १९९९, शुक्रवार

दूध चालत नाही तिला! तूप नाही, लोणी नाही, दही नाही, अंडंही नाही. पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. माझी नात चार वर्षांची झाली आणि मला हे आज कळतंय, तेही बेबीनंदाकडून.

बेबीनंदा म्हणजे उमाची शाळेपासूनची मैत्रीण, आमच्याच गल्लीतली. भोकरदनला शाळेवर आहे, रोज एसटीनं जाते-येते. उमाही तिथंच राहते. त्यामुळं लेकीची खबर मला मिळते ती बेबीनंदाच्या तोंडून, आणि तीही हे घरात नसताना. पाच वर्षांपूर्वी उमानं योहानशी चर्चमध्ये लग्न केलं, त्या दिवशी ह्यांनी सांगून टाकलं, "आजपासून ह्या घरात तिचं नाव निघायचं न्हाई." निघालं नाही. मीसुद्धा काढलं नाही. बाहेर ह्यांचा आवाज कधी चढत नाही, म्हणून सगळे म्हणतात श्रीपतराव देवमाणूस. देवाशी बोलता तरी येतं!

नातीचं नाव रूथ. कशी दिसते विचारलं तर बेबीनंदा म्हणाली, कपाळ तुमचं घेतलंय काकू.

नाताळात त्यांच्याकडं घरोघरी केक आणि करंज्या वाटतात. सगळी पोरं खातात आणि ही ताटाकडं बघत बसते. गेल्या वर्षी उमाला म्हणाली म्हणे, "माझ्यासाठी कुनीच का करीत न्हाई?" हे ऐकल्यापासून घास उतरत नाही. मी करीन. बिनदुधाची खताई करीन! बेबीनंदा पोचवील.

५ डिसेंबर, रविवार

हे केदारखेड्याला गेले, रान बघायला. रान कडूबाकडं बटईनं आहे, माणूस अगदी भरवशाचा, तरी ह्यांना दर रविवारी जायचंच असतं. जाताना शेंगदाण्याची चिक्की नेतात. कडूबाच्या नातवंडांना! लोकांच्या नातवंडांचे लाड आणि आपल्या नातीचं नाव घ्यायची चोरी.

रविवारी घर खायला उठतं. इतर दिवशीही उठतंच, पण निदान पेपर चाळल्याचा आवाज तरी असतो. आज दुपारी उगाच रेडिओ लावला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. कुणीतरी घरात बोलतंय असं वाटावं म्हणून.

९ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, पोथी वाचली. हळदीकुंकवाला कुणाला बोलावलं नाही. बायका येतात आणि विचारतात, उमा काय म्हणते? काय सांगू?

११ डिसेंबर, शनिवार

मुनीरभाईंच्या भट्टीवर गेले. दिवाळीत गर्दी असते, आता निवांत. आपलं सामान आपण न्यायचं, ते मळून पत्र्यावर लावतात, भट्टीत सारतात, आणि आपला पत्रा बाहेर येईपर्यंत आपण डोळ्यांत तेल घालून बसायचं, दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून. सामान सांगितलं तर त्यांनी चष्मा काढला. गव्हाचं पीठ, गूळ, शेंगतेल, सुंठ, लवंग, दालचिनी, जायफळ. बस.

"बाई, तेलाची खताई उभी न्हाई राह्यत," म्हणाले. "तूप न्हाई तर डालडा तरी टाका."

डालड्याचं मी बेबीनंदाला विचारलं होतं. उमाच्या डॉक्टरांनी शेंगतेलाशिवाय काही देऊ नका म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, हेच टाका.

गुळाचा पाक केला होता मी. तिथंच चुकलं. खताई कसली, दगड निघाले! घरी आणून डब्यात लपवले तर ह्यांनी शोधून काढले. एक चावून बघितला, म्हणाले, "दात पाडायचा इरादा हाय का?" आणि कोऱ्या चहात बुडवून चांगले पाच-सहा खाल्ले. कुणासाठी, कशासाठी, एका शब्दानं विचारलं नाही.

हे दोन वर्षं झाली कोराच चहा पितात. दुधाचा चहा म्हणजे ह्यांचा जीव होता, पण पित्त होतं म्हणे. मी रोज आठवणीनं आवळ्याचं चूर्ण देते. तेही मुकाट्यानं घेतात.

१४ डिसेंबर, मंगळवार

आज नुसत्या पसरल्या. पत्र्यावर भाकरी थापल्यागत. रडू आलं.

१९ डिसेंबर, रविवार

हे केदारखेड्याला. मी परात घेऊन बसले. पाक नाहीच करायचा. गूळ बारीक किसला, तेलात घालून तळहातानं फेटत राहिले. हात भरून आले, थांबले नाही. रंग उतरून अगदी लोण्यासारखं झालं. मग थोडं बेसन खरपूस भाजून गव्हाच्या पिठात मिसळलं आणि मसाला ताजा कुटला. गोळा मळून अंगणात थंडीत ठेवला. तव्यावर वाळू घालून दोनच भाजून बघितल्या.

उभ्या राहिल्या! वर तडे गेले, थेट खताईसारखे! आणि दालचिनीचा वास असा की शेजारची साळूबाई कुंपणावरून विचारायला लागली, काय चाललंय. मी म्हटलं, काही नाही, काढा करतेय. केवढी आनंदाची गोष्ट, आणि सांगायला माणूस नाही. म्हणून इथं लिहिते.

हे संध्याकाळी आले. हसतमुख होते. रानात जाऊन माणूस असा खुलतो! मी मात्र इथं वाळत घातलेल्या पापडासारखी दिवसभर जागेवरच.

२२ डिसेंबर, बुधवार

डबाभर झाली! एकही फसली नाही. मुनीरभाईंनी एक खाल्ली आणि परत एक मागितली, यातच आलं.

पण एक गोष्ट मनात घोळतेय. पत्रा अगदी कोरा, चकचकीत होता. मी विचारलं तर मुनीरभाई म्हणाले, "सायेब आल्ते सकाळी. म्हनले, आमच्या बाईला नवा पत्रा द्या, अंड्याचा बिलकुल नको." भट्टीवर सध्या नाताळचे केक आहेत, सगळ्या पत्र्यांना अंडं लागलेलं. ह्यांना कळलं की काय?

मग वाटलं, नाही. ह्यांना अंड्याचा विटाळच भारी. घरात येणाऱ्या खताईला अंडं लागू नये, एवढंच असणार. माझ्यासाठी एवढं करतील, पण लेकीसाठी पाऊल उचलणार नाहीत.

२३ डिसेंबर, गुरुवार

काय केलं मी हे!

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. लक्ष्मीपुढं नैवेद्याचं ताट ठेवलं. मनात आलं, पोरीला गुण येऊ दे म्हणून खताईचा डबाही पुढं ठेवावा. झाकण काढून ठेवला. वरणभातावर तूप सोडलं आणि हात तसाच पुढं गेला. चमचाभर तूप डब्यात! वरच्या थरावरून खाली झिरपत गेलं. तुपाशिवाय नैवेद्य होत नाही, एवढंच ह्या हाताला ठाऊक. आईनं शिकवलेलं, सासूनं शिकवलेलं. ज्या तुपानं पोरीचा जीव घाबरा होतो, ते मी देवापुढं बसून तिच्या खाऊत ओतलं.

तिथंच बसून रडले. हे आले, काय झालं म्हणाले. मी लपवलं नाही. "उमाच्या पोरीसाठी केल्ती," म्हटलं. उमाचं नाव ह्या घरात पाच वर्षांनी निघालं. वाटलं, आता भांडण होणार, होऊ दे.

ह्यांनी डब्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, "परत करायला सामान हाय का घरात?"

गूळ संपला होता. चपला घालून स्वतः गेले आणि गूळ घेऊन आले.

२४ डिसेंबर, शुक्रवार

आज ह्यांनी गूळ किसला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पहिल्यांदा किसणी हातात धरली! बोटं सोलून घेतली. मी लवंग कुटायला घेतली तर म्हणाले, "कमी टाक. लहान्या लेकराला झोंबती." मी कमी टाकली.

भट्टीवर तर गंमतच. मी मागून गेले, बघते तर हे बायकांच्या रांगेत बाकड्यावर, डोक्याला टोपी, मांडीवर रिकामा डबा, आणि नजर पत्र्यावर. मुनीरभाई गालात हसत होते. मलाही हसू आवरेना.

घरी आल्यावर बेबीनंदाकडं डबा द्यायला निघाले तर ह्यांनी हात धरला.

"तिच्या हाती कशाला? उद्या सकाळच्या गाडीनं आपुन दोघं जाऊ."

मला खरंच वाटेना. परत विचारलं. परत तेच म्हणाले, फक्त माझ्याकडं न बघता. शेवटी माझ्यासाठी ह्या माणसानं आपला शब्द मोडला! पाच वर्षं मी म्हणत होते ह्यांना काळीज नाही. आज मनातल्या मनात ह्यांची माफी मागितली.

हिरवी इरकल काढून ठेवलीय. रूथला काय म्हणून हाक मारू, तिला काय म्हणू, मी कोण ते कसं सांगू, हेच चाललंय डोक्यात. ह्या घरात आज मला एकटं वाटत नाही. किती दिवसांनी लिहितेय हे वाक्य!

२५ डिसेंबर, शनिवार

दार वाजवायच्या आधीच ती पळत आली. खरंच, कपाळ माझंच. मी डबा पुढं केला. ती माझ्या बाजूनं निघून सरळ ह्यांच्या पायांना बिलगली. "आबा, आज कुठं रविवार हाय?" मग माझ्याकडं बघून ह्यांनाच हळूच विचारलं, "ह्या कोन?"

उमानं चहा आणला. त्या घरात दूध येतच नाही, सगळ्यांना कोरा. दोन वर्षं मी ह्यांना पित्तावर आवळ्याचं चूर्ण देतेय.