न खाणारी पिल्लं

गोळीबार चौक, नागपूर
ता. २ फेब्रुवारी

प्रिय वैभ्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाही, म्हणून पोस्टानं लिहून राहिली. फाडायचं असंल तर वाचून फाड.

इकडं सगळं ठीक. थंडी सरली. शेजारची रुख्मिणीकाकू बाबाचं ब्लँकेट धुऊन देऊन गेली. आई बरी आहे. मी सुटी वाढवून घेतली. रत्नागिरीच्या प्रयोगशाळेतले साहेब कुरकुरले, पण मी तरी काय करू?

बाबाले लकवा झाला तेव्हा मी थर्मासमध्ये समुद्राचं पाणी घेऊन आली होती, आठवते? त्यात माझी बार्नॅकलची पिल्लं होती, खडकाले अन् जहाजाच्या बुडाले चिकटून जन्म काढणारे ते कवचवाले जीव. तू हसला होता, "ताई नागपूरले समुद्र घेऊन आली!" फ्रिजात दह्याच्या बाजूले ठेवली होती. ही पिल्लं चिकटायच्या आधी काहीच खात नाहीत. अंगातल्या चरबीवर जगतात अन् जागा शोधत फिरतात. लवकर भेटली तर ठीक. उशीर झाला तर खडक भेटूनही उपयोग नाही. चिकटतात, पण पुढं वाढायले अंगात काही उरत नाही, मरतात. किती उशीर चालते, तेच मी पाहून राहिली होती.

आईले हे पटलंच नाही. "लेकरं उपाशी ठेवतात का वं?" म्हणे, अन् माझ्या मागं चिमूटभर बेसन टाकलं त्यात. पाणी सडलं, सगळी मेली. मी ओरडली, मग हसली बी. आपली आई हो! दारात आलेलं कुत्रंही तिनं कधी उपाशी जाऊ दिलं नाही.

डॉक्टरनं बजावलं होतं, बाबाले तोंडातून काही देऊ नका, नळीतूनच. तुले वाटते ती विसरली. विसरली नव्हती गा. त्या दिवशी ती कोथिंबीर भरून सांबारवडी तळत होती. वास आला तसं बाबानं चांगल्या हातानं ताटाकडं बोट दाखवलं. हे तुले कोणी सांगतलं नाही. तिनं नाही म्हटलं. बाबानं पुन्हा दाखवलं. मग तिनं वडी कढीत कुस्करून एक चमचा दिला. मी धावत येईपर्यंत ठसका लागला होता. ते फुप्फुसात गेलं, पुढचं तुले माहीत आहे.

अन् तू चितेसमोर, चारचौघांत म्हणाला, "हिनंच मारलं बाबाले." तुले राग आला होता, समजते. मले तुझा राग अजून येऊन राहिला.

आई बरी आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. तुझ्या त्या बोलण्यापासून ती अन्नाले शिवत नाही. "या हातानं आता घास उचलायचा नाही," म्हणे. मी भरवायले गेली की तोंड फिरवते. घोटभर चहा, बस. काल सलाईन लावून घरी आणली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढं खाल्लेलंही शरीर पेलणार नाही. मले ते समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून ये. माफी मागू नको, काही बोलूही नको. तिच्याजवळ बस अन् तुझ्या हातानं एक घास दे. तुझ्या हातचा ती परत करणार नाही.

तिचाही आशीर्वाद लिहू का, म्हणून आत्ता विचारलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणे, "लिही. पण त्याले चालत असंल तरच."

वाट पाहणारी,
मयुरीताई