तळ्यातला बांगडा

तीर्थरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (पत्रातूनच घालतोय, कारण समोर वाकलो की तुम्ही पाठीत धपाटा घालता आणि आशीर्वाद द्यायचा विसरता.) गुडघा काय म्हणतोय? मामी अजून गांडुळांच्या डब्यासकट तुम्हाला अंगणात जेवायला बसवते का? इकडे सगळं ठीक आहे. आई ओरडतेय आणि मी ऐकत नाहीये, त्यावरून समजून घ्या.

तर मामा, आधी आभार. तुमचं पार्सल पोचलं. जुनी काठी, रीळ, तंगुसाचा दोरा, तरंगे, गळांची डबी आणि आठ पानी सूचना, सगळं नीट पोचलं. सूचना मी दोनदा वाचल्या. (शाळेचं पुस्तक एकदाही वाचलं नव्हतं, म्हणजे बघा तुमचा मान.) खरं तर हे पार्सल बाबांसाठी, हे तुम्हाला माहितीच आहे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी घड्याळाचं दुकान बंद केलं, त्याला चार महिने झाले. चिमट्यात धरलेला स्क्रू उडायचा आणि आम्ही सगळे जमिनीवर पालथे पडून शोधायचो. एके दिवशी त्यांनी कुलूप लावलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, ते बसलेच. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी किल्ली दिली नाही. मामा, मी एकदा दुकानातले सगळे गजर बाराला लावून ठेवले होते, तेव्हा ते माझ्यामागे चप्पल घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावले होते. परवा मी तोच उद्योग घरच्या गजरांवर केला, तर नुसते म्हणाले, ‘बंद कर.’ तेव्हा मी खरंच घाबरलो.

म्हणून तुमच्या सूचनेप्रमाणे रविवारी तळ्यावर होडी भाड्याने घेतली. तुम्ही लिहिलं होतं, गांडुळं थंड जागी ठेवा. मी ती लोण्याच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी आईला लोणी हवं होतं. पुढचं लिहीत नाही, फक्त एवढंच सांगतो की तुमच्या ताईच्या हातात अजून ताकद आहे. तुम्ही लिहिलं होतं, होडीत कुणी उभं राहू नये. आई कधीच उभी राहिली नाही, फक्त काठाला धरून ‘मागे फिरव, मागे फिरव’ म्हणत राहिली, तेही किनारा दोन हातांवर असताना. तुम्ही लिहिलं होतं, ओढा तळ्याला मिळतो तिथे, लव्हाळ्याच्या कडेला, सावलीत गळ टाका. टाकला. पहिल्यांदा लव्हाळं आलं, दुसऱ्यांदा आईची छत्री आली (ती उघडून बसली होती, मी मागे हात नेला, चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा), तिसऱ्यांदा नुसता गळ आला, गांडूळ फस्त. म्हणजे मासे आहेत, हे मात्र सिद्ध झालं.

बाबा पुढच्या टोकाला काठी धरून बसले होते. हात थरथरायचा, काठीही थरथरायची, पाण्यात तरंगा नाचायचा आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं की मासा लागला. अकरा वेळा ओढलं. अकराव्या वेळी म्हणाले, ‘चला घरी. हे माझ्याच्याने होत नाही.’ त्यांनी कुलूप लावलं त्या दिवशी अगदी हेच म्हणाले होते, मामा. हेच शब्द.

आता खरी गोष्ट सांगतो, पण कुणाला बोलू नका. असं होणार हे मला आधीच वाटलं होतं, म्हणून शनिवारीच मी बाजारातून एक मासा आणून बर्फात ठेवला होता. मासेवालीने विचारलं, ‘कुठला देऊ?’ मी म्हटलं, ‘मावशी, नुकताच पकडल्यासारखा दिसेल असा द्या.’ ती म्हणाली, ‘साफ करून देऊ?’ आईबरोबर गेल्यावर हो म्हणायची सवय, मी हो म्हणून बसलो. रविवारी तो होडीत माझ्या बसायच्या फळीखालच्या पिशवीत होता. मी वल्हं असं मारलं की पाणी बरोबर बाबांच्या चष्म्यावर उडालं. चष्मा नसला की त्यांना माणूस आणि खांब सारखेच दिसतात. आणि चष्मा पुसायचा म्हणजे घड्याळ उघडल्यासारखं: आधी फुंकर, मग रुमालाचं टोक, मग दुसरं टोक. त्या दिवशी तर चक्क चार मिनिटं लागली. तेवढ्यात मी त्यांनी बाजूला ठेवलेल्या काठीचा तंगूस ओढून घेतला, मासा गळाला लावला, वर दोऱ्याची एक गाठही मारली (पतंगाला मारतो ती) आणि हळूच सोडून दिला. आईने सगळं बघितलं. तोंडावर हात ठेवून बसली. आयुष्यात पहिल्यांदा गप्प.

‘बाबा, तरंगा बुडाला!’ मी ओरडलो. बाबांनी ओढलं. आला की हो वर! आई बाजार करणारी बाई, तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘अगं बाई, बांगडा!’

मामा, बांगडा समुद्रात असतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. भूगोलाच्या तासाला मी बहुतेक वर्गाबाहेर उभा असायचो. बाबांनी मासा हातात घेतला. ‘फार थंड आहे रे.’ मी म्हटलं, खोल पाण्यातला आहे. ‘पोट फाटलेलं दिसतंय.’ मी म्हटलं, मोठ्या माशाने चावा घेतला असणार. ‘असेल,’ म्हणाले. ‘पण हा तर समुद्रातला.’ मी म्हटलं, ओढ्याने चुकून आला असेल, बिचारा. बाबांनी माझ्याकडे बघितलं, माशाकडे बघितलं आणि मग हसायला लागले. इतके हसले की होडी हलायला लागली आणि आईचं ‘मागे फिरव’ परत सुरू झालं.

आणि ऐका. घरी आल्यावर त्यांनी तुमचं रीळ उघडलं. म्हणाले, आत वाळू किरकिरतेय. त्यातले स्क्रू घड्याळाच्या स्क्रूपेक्षा केवढे तरी मोठे! हात थरथरला तरी चिमट्यातून निसटत नाहीत. धुतलं, पुसलं, तेल घातलं; आता फिरवलं की आवाजच येत नाही. मग भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली. काल होडीवाला स्वतःची दोन रिळं देऊन गेला, दुकानाच्या दाराचं एक फळकूट उघडलंय. मामा, तुमच्या काठीने आम्ही एकही मासा पकडला नाही, पण तुमचे उपकार किती मानू तेच कळत नाही.

मामीला नमस्कार. गुडघ्याला तेल.

तुमचा लाडका (नसलो तरी),
कारटा

ता. क. खरं काम राहिलंच. बाबा आता दर रविवारी जायचं म्हणतायत आणि दर रविवारी मी किती बांगडे चुकून ओढ्याने आणणार? तुम्ही या आणि आम्हाला एक तरी जिवंत मासा धरायला शिकवा. आणि बाबांनी विचारलं तर सांगा, हो, कधीकधी असा मासा तळ्यात सापडतो. तुमचं ते ऐकतील.

ता. क. २. पत्र पेटीत टाकायला बाबाच नेणार आहेत, म्हणून पाकीट दोनदा चिकटवलंय.

मेहुणेबुवा, स. न. पाकीट दोनदा चिकटवलेलं दिसलं, तेव्हाच उघडावंसं वाटलं. घड्याळाचं झाकण उघडायची सुरी पाकिटालाही चालते. जरूर या. कारट्याला काही कळू देऊ नका. त्या पिशवीला सकाळपासून वास येत होता आणि ती पतंगाची गाठ मीच त्याला शिकवली आहे. चष्मा पुसायला मला अर्धं मिनिट लागतं. बाकीची साडेतीन मी त्याला दिली होती.