गुलाबी थेंबातल्या गुठळ्या

३ फेब्रुवारी
योगेशचा ताप आजही संध्याकाळी चढलाच! तिसरा आठवडा. तारिहाळच्या कारखान्यातली त्याची रजा संपत आली. हा माझा नवरा कंबर धरून बसलेला, चादर घामाने ओली. विडाल टेस्ट मीच केली — कोप्पीकर रोडवरच्या आमच्याच लॅबमध्ये. थोडी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, टायफॉइड. मग गोळ्यांनी उतरत का नाही?

७ फेब्रुवारी
योगेशच्या भागीरथीकाकू अळनावरहून आल्या. दर आठवड्यासारख्या, पहिल्या बसने, किटलीत म्हशीचं निरसं दूध घेऊन. "तापवलं की कस जातंय. पोटुशीनं असंच पियाचं." जंतूंची नावं पाठ असलेली मी — काकू समोर उभ्या राहिल्या की निमूट पिते! अर्धंच जातं. उरलेलं योगेश संपवतो.

१० फेब्रुवारी
लॅबचे पद्मनाभ सर करवादले. "विडाल म्हणजे वेदवाक्य काय गं? अँटिबॉडी जंतूच्या भिंतीला चिकटते. दुसऱ्या जंतूची भिंत थोडी तशीच असली की तिलाही चिकटते! दुसरी टेस्ट कर. बेरेदु माडु!" कानडीतही तेच बजावलं.
ब्रुसेलाचं गुलाबी अँटिजन काढलं. गुरांचा जंतू, त्यांचा गर्भ पाडणारा. योगेशच्या सीरममध्ये त्याचा थेंब ढवळला, काच हलवत राहिले. गुठळ्या! रवाळ, ठसठशीत. म्हणजे पॉझिटिव्ह.
"कच्चं दूध पिता घरी?" सरांनी विचारलं. मी काकूंच्या किटलीचं सांगितलं.

११ फेब्रुवारी
काकूंना फोन केला. खोदून विचारलं. दिवाळीनंतर म्हैस गाभडली होती म्हणे!
"मग सांगितलं का नाही?"
"पोटुशीला असलं सांगू ने गं बाई. वाईट असतंय."
त्या रडायला लागल्या. मायेनेच केलं — दूध आणणंही, गप्प बसणंही. राग मात्र जात नाही.

१४ फेब्रुवारी
योगेशची नवी औषधं सुरू. सर रोज विचारतात — तुझं रक्त कधी तपासायचं? उद्या, म्हणते.

१९ फेब्रुवारी
तपासलं. गुठळ्या. सर म्हणाले, उद्याच बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे जा. औषध आहे, पण बाळ जाऊही शकतं.
घरी आले. योगेशला ताप नव्हता. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत होता.
"तुझं काय आलं?"
"साफ आहे," म्हणाले.